बेडशीट, अभ्रे घरी इस्त्री करता का? घरात अंथरुणावरचं माणूस आहे

गच्चीवरची तुळस
नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना घरी आणलंय. अजून बरेच दिवस पलंगावरच राहायचंय. डॉक्टरांनी एअर बेड (हवेच्या नळ्यांची गादी) घ्यायला सांगितला, तो आणला. निघताना वॉर्डातल्या सिस्टरनी एकच गोष्ट दोनदा बजावली: "पाठीखाली चादरीची चुणी राहू देऊ नका."

आमच्याकडे बेडशीटला आजवर इस्त्री लागलेली नाही. धुवायची, गच्चीत टाकायची, घडी करून कपाटात. आता रोज निदान एक चादर बदलावी लागते, कधी दोन. इस्त्रीवाले काका आज नेलेले कपडे उद्या संध्याकाळी देतात. शिवाय आजारी माणसाच्या चादरी बाहेर द्यायला माझं मन घेत नाही. म्हणजे जे काय करायचं ते घरातच.

तर विचारायचं असं की इस्त्री खरंच लागते का, का नुसती ताणून घातली तरी भागतं? आणि एवढी मोठी चादर घरच्या टेबलावर इस्त्री करायची कशी? नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअरवर चालतं. बोअरचं पाणी भयंकर जड आहे, हे आधीच सांगून ठेवते.

शेंगाचटणी
ताई, सासूबाईंना लवकर आराम पडो. माझं मत स्पष्ट सांगते. रोजची चादर इस्त्री करणं हे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम आहे, आणि तुमच्याकडे आधीच कामाचा डोंगर असणार. चारी बाजूंनी इलॅस्टिक असलेली चादर आणा, ताणून बसवा. एक चुणी राहत नाही. वाचलेला वेळ झोपेला द्या. रुग्णाची सेवा करणारं माणूस आडवं झालं तर घराचं काय?

हुरडा
+१. इलॅस्टिकवाली घ्या.

आजोळ अक्कलकोट
माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. आमच्या घरात विजेची इस्त्री फार उशिरा आली. तोवर तांब्यात निखारे घालायचे आणि फडक्यात धरून तो कपड्यावर फिरवायचा. तो मान पण फक्त सदरा-धोतराचा. चादरींसाठी आईची पद्धत वेगळी होती आणि ती आजही कामाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सोलापूरच्या उन्हात चादर पूर्ण वाळू द्यायची नाही. मार्च ते मे पातळ चादर अर्ध्या तासात कडकडीत होते, आणि तशी झाली की दोरीवरची दुमड आणि पिळाच्या रेषा तिच्यात पक्क्या बसतात. त्याआधीच, हाताला गार लागते पण ओली लागत नाही अशा वेळी ती उतरवायची. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे मुठीत घ्यायचे आणि एकदम मागे झटका द्यायचा. मग तिरकं ओढायचं: माझा उजवा कोपरा आणि तुमचा उजवा, नंतर डावा आणि डावा. पिळून पिळून चादर वाकडी झालेली असते, ती या तिरक्या ओढीने सरळ होते आणि काठाला काठ जुळतो. मग घडी घालून गादीखाली सरकवायची. रात्रभर वर माणूस झोपला की सकाळी घडी पुस्तकासारखी निघते.

आई आणि मोठी बहीण हे करायच्या तेव्हा गच्चीभर फटाफट आवाज व्हायचा आणि आम्ही मुलं मधून पळायचो.

एक मात्र आहे, गादीखाली ठेवायची तर चादरीतला दमटपणा पूर्ण गेलेला हवा. पावसाळ्यात तशी ठेवली तर कुबट वास धरते.

यंत्रमाग
आजोबांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात माग चालत होते. आमच्या अम्मानेही चादरी अशाच ओढल्या.

पण तुळसताई, आधी कापड बघा. बाजारात 'कॉटन' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चादरींत पॉलिस्टर असतं. काठाचा एक धागा उसवून पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने चुरली की राख होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं, टोकाला कडक मणी धरतं. मिश्र असेल तर दोन्ही दिसतं. मिश्र कापडाला चुण्या कमी पडतात, हा फायदा. पण ते घाम पीत नाही. सोलापूरचा उन्हाळा, त्यात पाठ सतत टेकलेली, खाली एअर बेडचं प्लास्टिक. अशा वेळी सुतीच हवं. आणि सुती म्हटलं की चुणी आलीच.

तिचं कारणही समजून घ्या, म्हणजे इस्त्री का आणि कशी ते आपोआप कळतं. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजनच्या हलक्या बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात आणि वाळताना कापड ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत परत जुळतात. गोळा होऊन वाळलं तर चुण्यांसकट जुळतात, ताणलेलं वाळलं तर सपाट जुळतात. म्हणजे कोरड्या चादरीवर नुसती गरम इस्त्री घासणं वाया. ओल, उष्णता, दाब, तिन्ही एकत्र लागतात.

आपली सोलापुरी चादर मात्र इस्त्रीच्या वाटेला नेऊ नका. ती जाड सुताची, जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षीची. चुणी तिला टिकतच नाही. आणि टेरी टॉवेलला तर इस्त्री कधीच नको. त्याचे फासे दबले की पाणी टिपायची ताकद कमी होते.

गच्चीवरची तुळस
सगळ्यांचे मनापासून आभार. यंत्रमागदादा, धागा पेटवून पाहिला. आमच्या पाचपैकी तीन चादरींना मणी आला. दोन शुद्ध सुती निघाल्या, त्याही माझ्या लग्नातल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

शेंगाचटणीताई, तुमची काळजी पोचली. इलॅस्टिकची चादर आज मागवतेच. सध्या एअर बेडवर घडी केलेली सोलापुरी चादर आणि वर बेडशीट अशी रचना आहे, म्हणजे मऊ लागेल.

रात्रपाळी
तुळसताई, थांबा. मागवू नका. मी रुग्णालयात नर्स आहे, बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीत. ही चर्चा आत्ता वाचली. दोन गोष्टी तातडीच्या.

पहिली, ती घडी घातलेली सोलापुरी चादर आजच काढा. एअर बेडमधल्या नळ्या आलटून पालटून फुगतात आणि बसतात, त्यामुळे पाठीवरच्या एकाच जागी सतत दाब येत नाही. सगळं काम त्या हालचालीवर चालतं. वर जाड थर आला की ती हालचाल अंगापर्यंत पोचतच नाही. एअर बेडवर एक पातळ सुती चादर, बस्स. गरज असेल तर कमरेखाली एक शोषक पॅड. याहून जास्त काही नको.

दुसरी, इलॅस्टिकची चादर. साध्या गादीवर ती उत्तम, शेंगाचटणीताईंचा सल्ला तिथे बरोबर आहे. पण एअर बेडवर चादर गच्च ताणली की ती झोळीसारखी तणावते आणि माणूस नळ्यांवर न टेकता त्या ताणावर टेकतो. म्हणून एअर बेडवरची चादर सैलसर ठेवायची, कडा नुसत्या खाली सरकवायच्या.

आता सगळ्यांच्या लक्षात येईल की या घरात इस्त्रीचा प्रश्न का उभा राहिला. साध्या गादीवर चादर ताणून सपाट करता येते, तिथे इस्त्री नसली तरी चालतं. एअर बेडवर ताणता येत नाही, म्हणून चादर सपाट होऊनच पलंगापर्यंत आली पाहिजे. अशा रुग्णाच्या घरात चादरीची इस्त्री हा हौसेचा भाग राहत नाही, तो सेवेचाच भाग होतो.

चुणीला एवढं महत्त्व का, तेही सांगते. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. माकडहाड, टाचा, खुबा, कोपर या ठिकाणी हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस कमी. तिथे तासन्‌तास दाब पडला की रक्त पोचत नाही. त्यात चुणी आली की तेवढ्याच रेषेवर दाब वाढतो, आणि माणूस खाली घसरला की ती कातडीला घासते. सकाळी पुसताना पाठीवर चुणीची लाल रेघ उमटलेली दिसते. त्या लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर सध्या ठीक, त्या जागेवरचा भार काढा. लाली दाबल्यावरही तशीच राहिली तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा समजा आणि डॉक्टरांना कळवा. त्या जागी तेल चोळू नका, मालीश तर अजिबात नको. आपल्याकडे लोक मायेने तेच करतात आणि आतलं मांस आणखी दुखावतं.

आणि इस्त्री कितीही छान केली तरी कूस बदलण्याला पर्याय नाही. साधारण दर दोन तासांनी, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. ऑपरेशनचा पाय कसा ठेवायचा ते त्यांच्याकडूनच नीट समजून घ्या, प्रत्येक ऑपरेशनचे नियम वेगळे.

शेंगाचटणी
रात्रपाळीताई, हे माहीत नव्हतं. एवढं नीट समजावलंत, खूप आभार. माझा मूळ मुद्दा साध्या घरांसाठी तसाच धरते, पण तुळसताई, तुम्ही इस्त्री करा. फक्त घरातल्या पुरुषमंडळींनाही शिकवा. चादर ओढायला दोन माणसं लागतातच.

गच्चीवरची तुळस
सोलापुरी चादर काढली. ह्यांना बोलावून दोघांनी मिळून काढली, सासूबाईंना कुशीवर वळवून. रात्रपाळीताई, तुमचे उपकार विसरणार नाही. आता इस्त्रीचं तंत्र कोणीतरी सांगा. टेबल आहे ते मुलाच्या अभ्यासाचं, लांबी जेमतेम चार फूट.

काळी माती
मी सांगते. आमचं घर इस्त्रीच्या दुकानावर चाललं. वडील कोळशाची इस्त्री मारायचे, मी शाळेतून आले की अभ्रे माझ्याकडे.

अभ्यासाचं टेबल चालेल. जी सोलापुरी चादर पलंगावरून काढलीत तीच त्यावर चार पदरी अंथरा. इस्त्रीला याहून चांगली बैठक नाही, जाड, सुती, उष्णता धरून ठेवणारी. त्यावर एक जुनं पांढरं सुती कापड घाला, म्हणजे चादरीचा रंग वर लागणार नाही. टेबलाची उंची कमरेला हवी. पलंगावर वाकून इस्त्री करू नका, पाठ जाते. टेबलाशेजारी एक खुर्ची ठेवा, झालेला भाग तिच्यावर उतरला पाहिजे. जमिनीवर लोळला की मेहनत फुकट.

चादर दमट असतानाच घ्या, आजोबांनी सांगितलं तशी ओढून. उशीर झाला आणि वाळून गेली तर पाणी शिंपडून, गुंडाळी करून पिशवीत तासभर ठेवा. शिंपडल्या शिंपडल्या इस्त्री फिरवली तर ठिपके-ठिपके राहतात. पिशवीत ओल सगळीकडे सारखी पसरते, तिथेच निम्मं काम होतं.

आता घडी. चादर लांबीत दुमडा, उलटी बाजू बाहेर. काठाला काठ जुळवा. दोन्ही बाहेरच्या बाजूंना इस्त्री करा. मग उघडून सुलटी बाजू बाहेर काढून परत दुमडा आणि एक हलका हात फिरवा. घाई असेल तर एवढं लक्षात ठेवा की पाठ आणि कंबर टेकते तो मधला पट्टा नीट झाला पाहिजे. गादीखाली जाणाऱ्या कडांवर वेळ घालवू नका. मधल्या घडीवर मात्र इस्त्री दाबू नका. आपण कडक घडी पाडतो ती दिसायला छान, पण तीच उभी रेघ नेमकी पाठीखाली येते. तुमच्या कामासाठी घडी मऊच राहू द्या.

इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने, सरळ. गोल गोल फिरवली की कापड तिरकं ताणलं जातं आणि कडेला लाट येते. कुठे हट्टी चुणी असेल तर घासू नका, जरा पाणी लावा, इस्त्री ठेवा, दाबा, उचला.

आणि इस्त्री झाली की लगेच घडी करून कपाटात नको. कापड गरम आणि किंचित ओलं असतं, तेव्हा दुमडलं की नव्या चुण्या तिथेच बसतात. खुर्चीच्या पाठीवर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवा. घरी इस्त्री केलेल्या कपड्यांवर पुन्हा सुरकुत्या दिसतात त्या बहुतेक वेळा याच घाईमुळे.

तापमानाचं सोपं आहे. चादरीच्या लेबलावर इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतील तर 200 अंशांपर्यंत चालतं, ते सुती. दोन ठिपके म्हणजे 150, मिश्र कापड त्यात येतं. एक ठिपका 110. तुमच्या मणी आलेल्या तीन चादरी सुतीच्या आकड्यावर कधी घेऊ नका, चकाकी येते आणि तळाला चिकटतात.

भीमाकाठ
खळ घालायची का? आमच्याकडे साबुदाण्याची घालतात, चादर कशी कडक राहते.

काळी माती
पाहुण्यांच्या पलंगपोसाला जरूर घाला, शोभा येते. रुग्णाच्या चादरीला नको. खळीने कापड टणक होतं आणि ओल टिपत नाही. घाम आला की चिकट लागतं ते वेगळंच.

रात्रपाळी
काळीमातीताईंशी पूर्ण सहमत. आणखी एक जोडते. रक्ताचा, लघवीचा, जेवणाचा डाग असलेली चादर आधी गार पाण्यात. थेट गरम पाण्यात टाकली किंवा डाग पूर्ण न जाता इस्त्री फिरवली तर डाग कायमचा बसतो. अंगावर टाल्कम पावडरचे थरही नकोत. घामात त्याचे गोळे होतात आणि चुणीसारखेच टोचतात.

गच्चीवरची तुळस
आज पहिली चादर झाली. काळीमातीताई, पिशवीत गुंडाळून ठेवायची युक्ती इतकी कामाला आली! एक अडचण आहे. एका जागी इस्त्रीने पिवळसर डाग पडला. तापमान बरोबर होतं, मी तपासलं.

यंत्रमाग
बोअरच्या पाण्यात धुतली होती का? जड पाण्यात साबणाचा साका कापडात बसतो, नीट निघत नाही. इस्त्री लागली की तोच करपून पिवळा दिसतो. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करा, तेवढं पाणी साठवून ठेवा. पावडरही कमी टाका. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण वाढवत जातो आणि साका वाढतो. हा डाग बहुधा परत धुतल्यावर जाईल.

गच्चीवरची तुळस
बोअरचंच होतं. आता एक बादली चादरीसाठी बाजूला ठेवते. वाफेची इस्त्री घ्यावी का? ह्यांचं तसं म्हणणं आहे.

काळी माती
चादर दमट असताना केली तर साधी 1000 वॉटची पुरते, जरा वजनदार बघून घ्या. सतत चालू राहिली असती तर तासाला एक युनिट लागलं असतं, पण थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो म्हणून त्याहून कमीच लागतं. वाफेची घेतलीत तर बोअरचं पाणी तिच्यात घालू नका, महिन्या-दोन महिन्यांत भोकं क्षाराने बुजतात. आरओचं किंवा बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहून.

आणि प्लग तीन पिनांचाच हवा, अर्थिंग असलेल्या पॉइंटला. दमट कापडावर काम करताय. दोन पिनांच्या जुन्या बोर्डवर, पातळ एक्स्टेन्शन लावून इस्त्री करू नका, हे कळकळीने सांगते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा सकाळी सातच्या आत उरका.

आजोळ अक्कलकोट
सकाळीच बरं. रात्री धुऊन दोरीवर टाकली तर पहाटे बरोबर दमट मिळते, उन्हाशी शर्यत नको.

भीमाकाठ
हे छान सुचवलंत आजोबा. इस्त्रीने ढेकूण, किडे मरतात का हो? आमच्याकडे लाकडी पलंग आहे.

रात्रपाळी
कापडावर असतील ते मरतात, शिवणीत लपलेली अंडीसुद्धा, सुती तापमानाची इस्त्री सावकाश फिरवली तर. पण ढेकूण राहतो पलंगाच्या सांध्यात आणि गादीच्या कडेला. चादरीला इस्त्री करून घर ढेकणांपासून सुटत नाही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी 60 अंशांच्या पाण्यातली धुलाई चांगली.

शेंगाचटणी
तुळसताई, जुनी सुती नऊवारी आहे का घरात? आमच्या आजेसासूबाईंना शेवटपर्यंत तीच अंथरायचो. दुहेरी केली की पलंगाला पुरते, धुवायला हलकी, वाळायला झटपट, आणि इस्त्रीला चादरीच्या निम्माही वेळ लागत नाही.

रात्रपाळी
उत्तम. जरीचा काठ तेवढा कापून टाका, आणि एअर बेडवर दुहेरी नको, एकेरीच घाला. रुंदी पुरते.

गच्चीवरची तुळस
सासूबाईंच्याच दोन इरकली सुती निघाल्या. काठ कापायला त्यांनीच हो म्हटलं, कात्री मागून घेतली आणि पडल्या पडल्या कुठून कापायचं ते दाखवलं. पाठीवरची लाली आज दाबली की पांढरी होतेय. हे आता सकाळी कूस बदलायला आणि चादर ओढायला उठतात. एवढंच विचारायचं राहिलं की पावसाळ्यात दमटपणा कसा सांभाळू? दोन-दोन दिवस ऊन नसतं.

काळी माती
पावसाळ्यात इस्त्री चादर वाळवायलाच वापरायची. वॉशिंग मशीनमध्ये दोनदा पिळून घ्या, पंख्याखाली पसरवा, आणि ओल थोडी जास्त असतानाच इस्त्री सुरू करा, सावकाश, चादर कोरडी होईपर्यंत. वेळ जास्त लागतो, पण ती इस्त्रीवरच वाळते आणि कुबट वास येत नाही. मग पंख्याखाली अर्धा तास, आणि हाताला जराही गार लागत नाही याची खात्री करूनच अंथरा. इरकल पातळ असते, त्यामुळे जुलै-ऑगस्टसाठी तीच पुढे ठेवा, जाड चादरी नंतर.